बिनहळदीची करंगळी

या, असे जवळ सरकून बसा. मागे भिंतीला टेकलात ना, तुम्हीही पुढे या, जागा आहे. ही गोष्ट मोठ्यानं सांगता येत नाही, कारण अर्ध्यावर आले की मलाच हसू फुटतं आणि शब्द तोंडातच विरतात. एका नवरदेवाच्या करंगळीची गोष्ट आहे. घडलेली आहे. मी त्या मांडवात होते, आणि सुई मलाही टोचली होती.

मी बेबाबाई. साक्रीच्या वरच्या अंगाला, डोंगराकडच्या एका गावात आशा सेविका म्हणून काम करते. दिवसभर गोळ्या, लसी, बाळांची वजनं, आणि दिवेलागणीला हातात टाळ. जवळपास कुठं कीर्तन आहे असं कळलं की भाकरी थापता थापताच माझा पाय उंबऱ्याबाहेर पडलेला असतो. ते असो. गोष्ट माझी नाही, माझ्या भाचीची आहे.

दिपमाला माझ्या बहिणीची मुलगी. धुळ्याला शिकली, आता साक्रीच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिच्या रक्तात सिकलसेलची एक चिठ्ठी आहे. चिठ्ठी हा माझा शब्द. घरोघर समजावताना मी तोच वापरते. प्रत्येक लेकराला आईकडून एक चिठ्ठी येते, बापाकडून एक येते. एक चिठ्ठी बिघडलेली असली तर माणसाला काही होत नाही. खातो, पितो, राबतो, त्याला फक्त ‘वाहक’ म्हणायचं. पण दोन्ही बिघडलेल्या आल्या, तर रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि लेकराची हाडं ठणकतात. दिपमालाच्या मोठ्या भावाला दोन्ही तशाच आल्या होत्या. थंडी पडली की तो कळवळायचा आणि ही एवढीशी पोर त्याचे पाय दाबत बसायची. बारावं लागलं नाही तोच तो गेला.

म्हणून पाहायला आलेल्या मंडळींसमोर चहाचा ट्रे ठेवता ठेवता दिपमालानं सांगून टाकलं, “मी वाहक आहे. तुम्ही तपासून घ्या. तुम्हीही वाहक निघालात तर आपलं जमायचं नाही, राग मानू नका.”

मुलगा पाचोऱ्याकडचा, अभिमन नाव, शेतांमध्ये ठिबकच्या नळ्या बसवण्याचं काम करतो. तो म्हणाला, “एवढंच ना? मला वाटलं, गाणं म्हणायला लावता.”

त्यानं लगेच रक्त दिलं. ते वैशाखाच्या उन्हात वाटेतच खराब झालं. दुसऱ्यांदा दिलं, त्याचा कागद आज येतो, उद्या येतो करत राहिला. इकडे पत्रिका वाटून झाल्या, बस्ता फाडून झाला, आणि लग्न वराच्या दारी ठरलं असल्यामुळे आम्ही दोन जीपा भरून साक्रीहून निघालोसुद्धा. जीपमध्ये दिपमाला माझ्या कानाशी लागून म्हणाली, “मावशी, निकाल कळल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही.”

“अगं, दोन जीपा माणसं आहेत!”

“जीपा वळवता येतात.”

ह्या पोरीला विज्ञान कोणी शिकवलं, असं मनात म्हटलं, आणि लगेच आठवलं की शाळेत नाव मीच घालून आले होते.

धुळ्याला स्टँडजवळ संघमित्रा जीपमध्ये चढली. दिपमालाची कॉलेजातली मैत्रीण. उंच, चष्मा लावलेली, आणि मांडीवर तान्हं बाळ घ्यावं तशी एक पिशवी घेतलेली. जळगावला एका संस्थेत ती कामाला, आणि पिशवीत तिच्या संस्थेनं बनवलेलं यंत्र. आपला मिसळणाचा डबा असतो ना, तेवढंच. पारोळा येईपर्यंत ती मला त्याचं कौतुक सांगत होती.

“मावशी, ह्यात दुर्बीण नाही, भिंगसुद्धा नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यात जी चिप असते ना, तसलीच एक चिप. तिच्यावरच बारीक खळगे केलेत. रक्तातला डीएनए थेट खळग्यात. वरून निळा उजेड सोडायचा, आणि आपण जे शोधतोय ते तिथं असलं तर खळगा हिरवा चमकतो. खालची चिप त्याचा दर मिनिटाला फोटो काढते.”

“आणि किती वेळ लागतो?”

“पस्तीस मिनिटं. पण ह्याच्या निकालावर अजून शिक्का नाही हं. आमच्या चाचण्या चालू आहेत. सरांना विचारून आणलंय. पक्का कागद मोठ्या लॅबचाच धरायचा.”

दिपमाला खिडकीकडे बघतच म्हणाली, “शिक्का नंतर येऊ दे. खरं काय ते आज कळू दे.”

आम्ही पोचलो तर मांडवात धुमाळी चाललेली. दहाचा मुहूर्त चुकवायचा नाही म्हणून नवरदेवाला हळद लागून गेली होती. लागली म्हणजे कशी! चुलत वहिन्या, मावश्या, फुया म्हणजे आत्या, शेजारणी, सगळ्यांनी मिळून अभिमनला असा माखला होता की पिकलेला केळीचा घडच पाटावर ठेवलाय असं वाटावं. आम्ही उंबऱ्यात पाय ठेवतो न ठेवतो तोच विहीणबाई द्रौपदाबाई दोन्ही पंजे भरून आल्या आणि माझे गाल, हात, कोपर, सगळं पिवळं करून मोकळ्या झाल्या. संघमित्रा चष्मा वाचवायला गेली, तर तिचे दोन्ही हात धरून मनगटापर्यंत माखले, गाल-कपाळही सुटलं नाही. एकटी दिपमाला सुटली. तिला नवऱ्याची उष्टी हळद लागायची होती, ती वाटी पाटाशेजारी तयार होती, आणि ती लागेपर्यंत तिला कोणी शिवायचं नाही.

दिपमालानं सासूला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “आधी यांची तपासणी, मग ती वाटी.”

अभिमन पाटावरून उठून आला सुद्धा. “कुठं टोचायचं? बोट? घ्या.”

संमतीच्या कागदावर त्यानं सही केली, तर सहीपेक्षा पिवळे ठसे जास्त. संघमित्रानं हातमोजे चढवले, स्पिरिटच्या कापसानं त्याचं बोट पुसलं, टोचलं, थेंब घेतला, एका नळीत घोळला, चिपवर सोडला. प्रत्येक चिपवर तीन खळगे. पहिला चमकला की चांगली चिठ्ठी आहे. दुसरा चमकला की बिघडलेली आहे. तिसऱ्यात नुसतं तिच्या बाटलीतलं पाणी, तो काळाच राहायला हवा, म्हणजे यंत्र ठीक आहे असं समजायचं. दोन्ही चमकले तर माणूस वाहक.

पस्तीस मिनिटांनी पाण्याचा खळगा काळाच होता. पहिला चमकत होता. आणि दुसराही.

संघमित्रानं काही बोलायच्या आत मला कळलं, कारण तिचा हात चष्म्याकडे गेला आणि तिथंच राहिला. दिपमालानं पडद्यावर पाहिलं, मान हलवली, आणि ओट्याच्या कडेला जाऊन बसली. दोन्ही हात मांडीवर एकात एक. स्वच्छ, गोरेपान, कुणाची हळद न लागलेले हात. अभिमन पिवळाधमक तिच्यापुढे उभा. बँडवाल्यांना हे काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी नेमकं तेव्हाच एक जोरदार गाणं सुरू केलं, ते हिलालआबांनी धावत जाऊन बंद केलं.

हिलालआबा म्हणजे अभिमनचे वडील. परत आले ते बायकोवरच घसरले, हे तिच्या माहेरून आलं म्हणून.

“आमना घरमा असं काही नही. तुना माहेरथून उनं व्हई.”

“मना माहेरथून?” द्रौपदाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “अन तुमनी फुईना गुडघा जलमभर ठणके, ते कसानं व्हतं?”

“ती ऐंशी वरीसनी व्हती!”

“मी म्हन्ते, तुमलेच टोचा!”

“टोचा! मले टोचा अन हिले बी टोचा. व्हई जाऊ दे!”

मी मध्ये पडून सांगितलं, विहीणबाई, वाहक असणं हा दोष नाही, कोणी कोणाचं काही चोरलेलं नाही. पण ते दोघे बाह्या सरकवून संघमित्रापुढे रांगेत. तिच्याजवळ पाच चिपा होत्या, एक संपलेली. आणि मला काय बुद्धी झाली कोण जाणे, मीही बाही वर केली.

“मला पण टोच.”

“मावशी, तुम्हाला कशाला?”

“बाजारात तराजूवर शंका आली की आपण माहीत असलेलं माप टाकून बघतो ना? माझं धुळ्याच्या दवाखान्यातलं कार्ड आहे पर्समध्ये. दोन्ही चिठ्ठ्या चांगल्या, सही-शिक्क्यानिशी. बघू तर दे, तुझा डबा काय म्हणतो.”

तिघांना टोचलं. तीन चिपा डब्यात. ती पस्तीस मिनिटं मी मनात नाम घेत होते, आणि हिलालआबा-द्रौपदाबाई एकमेकांकडे पाठ करून एकाच बाकावर बसले होते. मग पडदा उजळला. हिलालआबा: दोन्ही खळगे हिरवे. वाहक. द्रौपदाबाई: दोन्ही हिरवे. वाहक.

“दोन्हीकडथून!” दोघे एकदम म्हणाले, आणि दोघांचाही चेहरा असा, की जिंकल्याचा आनंद करावा की हरल्याचं दुःख, हे ठरेना.

आणि तिसरी मी. वाहक.

मी पर्समधून कार्ड काढलं आणि डब्यापुढे धरलं, जणू तो वाचणार होता. हिलालआबांनी कार्ड बघितलं, डबा बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांची मिशी थरथरली.

“बाई, तुना डबाले ह्या मांडवमा बठ्ठा वाहकच दिसी राहिनात. जाय, त्या बँडवालासले बी टोच, त्या बी निघतीन! आचारीले टोच! उंबऱ्यावरनी मांजर शे, तिले बी टोच!”

पहिल्यांदाच कुणीतरी हसलं. दिपमालानं मान वर केली.

संघमित्रा मात्र हसली नाही. तिनं मोबाइलवर ते मिनिटामिनिटाचे फोटो उघडले आणि मला जवळ बसवलं.

“मावशी, माझे पप्पा धुळ्यात भीमगीतांची गायनपार्टी चालवतात. पप्पा एक ओळ म्हणतात, मग मागचे दोघं उचलतात, मग चौघं, मग टाळ्या, मग समोरची अख्खी वस्ती. बरोबर?”

“आमच्या कीर्तनातही तसंच. बुवा चरण सोडतात, टाळकरी धरतात, आणि मग पार देऊळ हलतं.”

“ह्या खळग्यात तेच होतं. डीएनएचा एक तुकडा असतो, त्याचे दोन होतात, दोनाचे चार, चारांचे आठ. सुरुवातीला खळगा काळा. दहा-बारा मिनिटं काहीच दिसत नाही. मग जरासा, मग भरभर, मग झगझगीत. आता हा तुमचा दुसरा खळगा बघा. हा पहिल्या मिनिटाचा फोटो.”

पहिल्याच फोटोत खळगा हिरवा होता. दुसऱ्यात तेवढाच. दहाव्यात तेवढाच. पस्तिसाव्यात तेवढाच.

“अगं,” मी म्हटलं, “बुवा अजून पाटावर बसलेत आणि कोरस आधीच ओरडतोय!”

“तेच तर! हा कोरस आपला नाहीच. मग ओरडतंय कोण?”

ती आपल्या बोटांकडे बघायला लागली. मग माझ्या. मग उठली, पिशवीतून एक निळी बॅटरी आणि नारिंगी काचेचा चष्मा काढला. यंत्रावर कुठं घाण राहिली का ते बघायला ती ठेवते म्हणे. माझा हात धरून मला धान्याच्या कोठीच्या खोलीत ओढत नेलं, दार लावलं, खिडकीवर गोधडी टाकली. चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला आणि बॅटरी लावली.

देवा! माझा हात पेटला होता. पेटला म्हणजे आग नव्हे. पिवळसर हिरवा, काजव्यांनी भरलेल्या झाडासारखा, कोपरापर्यंत. नखांच्या कडांना तर दिवाळीच. मी किंचाळले. मी किंचाळले म्हणून संघमित्रा किंचाळली, आणि मी तिच्याकडे पाहिलं तर तिचेही दोन्ही हात हिरवे झगझगत होते.

“हळद!” ती नाचायलाच लागली. “मावशी, हळद! हळद निळ्या उजेडात चमकते! मला ठाऊक होतं हो, पुस्तकात वाचलं होतं, आणि आज डोक्यापर्यंत माखून घेतलं तरी आठवलं नाही!”

मग काय, अख्खा मांडव त्या कोठीच्या खोलीत शिरला. चष्मा एकच, ओढाओढी. हिलालआबांची मिशी दोन्ही बाजूंनी हिरवी निघाली, तर द्रौपदाबाई म्हणाल्या, लगीनले आज तीस वरीस व्हयनात, पहिल्यांदाच तुम्ही उजाळलात. सनईवाल्याचे गाल, आचाऱ्याचा गळा, कुणाचे तरी कान अंधारात आपापले हिरवे फिरत होते, कोणाचे ते ओळखायचा खेळ सुरू झाला. अभिमन आत आला तेव्हा तर बाया ओरडल्याच. तो उभाच्या उभा चमकत होता, देवळाच्या कळसासारखा. काळी राहिली ती एकटी दिपमाला. ती दारात उभी होती आणि कितीतरी वेळानं तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं.

तेव्हा संघमित्रा ओट्यावर चढली. पिवळ्या गालांची, वाकड्या झालेल्या चष्म्याची. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आबा, काकू, अभिमनभाऊ, माझं चुकलं. यंत्राचं नाही, तुमच्या हळदीचंही नाही. हळद पाण्यात फार विरघळत नाही, पण स्पिरिटमध्ये छान विरघळते. मी स्पिरिटनं बोट पुसलं, ती मोकळी झाली, आणि रक्ताच्या थेंबाबरोबर खळग्यात उतरली. पाण्याला बोट लागलं नव्हतं, म्हणून पाण्याचा खळगा काळा राहिला आणि मी फसले. अभिमनभाऊ वाहक आहेत की नाहीत, ते मला आत्ता माहीत नाही. चिप एक उरलीय. ती चुकवायची नाही.”

आता शोध सुरू झाला. नवरदेवाच्या अंगावर हळद न लागलेली जागा कुठली?

“कान?” मी विचारलं.

“कानले मीच लाई,” एक वहिनी.

“मान?”

“ती मी.”

“तळपाय?”

“तठे तर तिघी जनीसनी लाई!”

“पाठ?” तेव्हा अभिमन लाजून म्हणाला की शर्टाच्या आत हात घालून मामींनी वाटीच उपडी केली होती. कुणीतरी म्हणालं, गालाच्या आतून घ्या. तर त्यानं नुकतंच वरण आणि कैरीचं लोणचं खाल्लेलं, आणि दोन्हींत हळद. संघमित्रानं कपाळाला हात लावला, आणि कपाळ आणखी पिवळं झालं.

“एक बोट पुसावं लागेल,” ती म्हणाली. “अगदी स्वच्छ. बॅटरीखाली काळं दिसेपर्यंत.”

हसणं थांबलं, कारण द्रौपदाबाई पुढे आल्या होत्या. “मी पुसू देसू नही. लागेल हळद लगीनना आधी कोनी उतरावस का? असं मी ऐकं नही, देखं नही.”

त्यांचा राग नव्हता, लागलेली हळद उतरली तर अपशकुन होईल अशी भीती होती. एकुलता मुलगा. मी जवळ गेले. म्हटलं, “विहीणबाई, अख्खा मुलगा तुमचा पिवळाच ठेवू. एकच बोट पाहिजे.”

“कोनतं?”

“अंगठा?”

“अंगठ्यानं औक्षणनं कुंकू लावतस.”

“तर्जनी?”

“तिनं सप्तपदीना तांदूळ सारना पडतस.”

“मधलं?”

“त्याले जोडवांना मान शे.” जोडवी पुरुष घालत नाहीत हे मी बोलले नाही. अनामिकेनं देवाला गंध लावतात, ती तर गेलीच. उरली करंगळी. उजवी की डावी, ह्यावर पुन्हा दोन म्हाताऱ्यांचं वाजलं. शेवटी द्रौपदाबाईंनी अभिमनचा डावा हात उचलला, करंगळीकडे निरखून पाहिलं, जणू तिला पोराच्या जन्मापासून आजच पाहत होत्या.

“हिनाकडे देवनं काही काम नही. ही ल्या.”

पण पुसणार कोण? संघमित्राचे हात पिवळे, हातमोज्यांची पेटीसुद्धा त्याच हातांनी उघडलेली. माझे पिवळे. मांडवात दोनशे हात आणि सगळे हळदीचे. आणि तेवढ्यात सगळ्यांच्या माना एकाच वेळी दाराकडे वळल्या.

दिपमालानं आधी हात साबणानं धुतले, मग बॅटरीखाली दाखवले. काळेभोर. सील न फोडलेलं हातमोज्यांचं एक पाकीट पिशवीच्या तळाशी होतं, ते तिनंच दातांनी फोडलं. मग ती अभिमनपुढे मांडी घालून बसली आणि त्याची करंगळी धरली. लग्नाआधी, भरमांडवात, सासूच्या समोर! बायांनी जी आरोळी ठोकली, ती पाचोरा स्टेशनात गाडीच्या शिट्टीसारखी ऐकू गेली असेल.

“गप बसा गं,” दिपमाला म्हणाली, पण कान लाल झाले होते.

पहिला कापूस आला तो झेंडूसारखा पिवळा. दुसरा तसाच. हळद लावायची गाणी शंभर आहेत, उतरवायचं एकही नाही, म्हणून द्रौपदाबाईंच्या नणंदेनं तिथल्या तिथं जोडलं:

हळद लाई लाई, पिवळी व्हयनी काया,
एक बोट राहू दे वं, सुईला टोचाया!

आणि मग सगळ्या तेच. मी टाळ घेऊनच गेले होते, मीही धरलं. सहावा कापूस पिवळसर. नववा सायीच्या रंगाचा. प्रत्येक कापसानंतर करंगळी गोधडीखाली जायची, बॅटरी लागायची, आणि आतून संघमित्राचा आवाज यायचा, “अजून! नखाच्या कडेला आहे!” अभिमन म्हणाला, “कातडी तरी ठेवा.” दिपमाला म्हणाली, “बोलू नका, बोट हलतं.” चौदावा कापूस पांढरा आला. पंधरावा पांढरा. गोधडीखालून आवाज आला, “काळी! करंगळी काळी!” आणि बायांनी अशा टाळ्या पिटल्या की बारशालाही कोणी पिटत नाही.

शेवटची चिप. दिपमालानंच टोचलं. पहिल्या मिनिटाचा फोटो: तिन्ही खळगे काळे. संघमित्रानं श्वास सोडला. “आता गाणं आपलंच.”

मग अख्खं वऱ्हाड त्या डब्याभोवती. आचाऱ्यानं चूल मंद केली. बँडवाले टोप्या काढून बसले. तेरा मिनिटांनी पहिला खळगा उजळायला लागला, बारीक, मग भरभर. चांगली चिठ्ठी एक तरी आहे. दुसरा काळा. वीस मिनिटं, काळा. पंचवीस, काळा. मी आयुष्यभर उजेडाची कवनं गात आले. त्या दिवशी पांडुरंगाला हात जोडून म्हणत होते, एवढा अंधार राहू दे. हिलालआबा खिशातला रुमाल पिळत होते. तीस. काळा. पस्तीस.

“काळा!” हिलालआबा उठले.

“बसा आबा,” दिपमाला म्हणाली. “अजून पाच मिनिटं.”

आणि सासरा त्या पोरीच्या शब्दानं गपकन खाली बसला. चाळिसाव्या मिनिटाचा फोटो आला. दुसरा खळगा विहिरीच्या तळासारखा काळा.

दिपमाला पडद्याकडे बघत राहिली. मग तिनं हातमोजे काढले आणि स्वतः उठून उष्ट्या हळदीची वाटी सासूच्या हातात दिली, आणि आपला गाल पुढे केला. रडत होती की हसत होती, मला सांगता येणार नाही, कारण पुढच्याच क्षणी ती कुठं आणि हळद कुठं हेच दिसेना. बँड वाजला. आचारी नाचला. एका डब्यातल्या अंधारासाठी एवढी माणसं नाचताना मी पुन्हा पाहिली नाहीत.

लग्न दुसऱ्या दिवशी दुपारी लागलं. नंतर आठवड्यानं अभिमनचा शिक्क्याचा कागद आला, तोही तेच म्हणत होता. हिलालआबांचं आणि द्रौपदाबाईंचं रक्त पुन्हा नीट तपासलं, तर द्रौपदाबाई खरंच वाहक निघाल्या. म्हणजे अभिमनला कोणती चिठ्ठी यायची ते कसंही होऊ शकलं असतं. त्या मात्र ताठ मानेनं सांगत फिरतात, “व्हय, मना माहेरथून उनं,” आणि माहेरच्या सगळ्या भाच्यांना ओळीनं तपासायला घेऊन गेल्या.

तर मंडळी, एवढं एक मागणं आहे. तुमच्याकडे कधी हळद दळली जाईल, पाट मांडला जाईल, तेव्हा देवाचं नाव घ्याल, कुळाचं घ्याल. त्यातच आमच्या संघमित्राचीही आठवण काढा. शंभर माणसांपुढे, पिवळ्या गालांनी, “माझं चुकलं, मला माहीत नाही, पुन्हा बघते” असं म्हणणारी ती पोरगी. तिला विसरू नका.